भेंडीची तार, गुडघ्याचं वंगण आणि बाकी सगळं

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की पुढच्या वेळी भेंडीवर बोलू, काय विचारायचं ते पाठवा. तर एवढे प्रश्न आलेत की पडवळाला वाईट वाटेल. निम्मे चिकटपणाचे आणि बरेचसे उरलेले शुगरचे, आणि गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच. जी तार आपण कढईत मारायला बघतो तीच पोटात गेली की कामाची असते. फक्त ती औषध नाहीये, भाजी आहे, हे मला आज दोन-तीनदा तरी म्हणावं लागणार आहे असं दिसतंय.

प्रश्न : ताई, लग्नाला वर्ष होत आलं पण माझी भेंडीची भाजी अजून लगदाच होते. सासूबाई म्हणतात झाकण ठेवू नकोस, आई म्हणते झाकण नाही ठेवलं तर शिजणार कशी, आणि युट्यूबवर एक बाई सरळ दही घालते. सकाळी दोन डबे भरून मला ट्रेन पकडायची असते, प्लीज एकच काहीतरी सांगा. (वाचक, कांजूरमार्ग)

उत्तर : अगं सासूबाई बरोबर आहेत, आई पण थोडी बरोबर आहे आणि ती दहीवाली पण चुकीची नाही. आधी तार का सुटते ते बघ म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. भेंडीच्या आत चिकट पदार्थ असतो, साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचा, तो कोरडा असेपर्यंत गप्प असतो आणि पाणी मिळालं की फुगतो आणि ताणला जातो. म्हणजे भांडण भेंडीशी नाही, पाण्याशी आहे. चिरल्यावर धुतलीस की कारभार आटोपला. अख्खी धुवायची, आणि नुसती निथळून भागत नाही, पुसायची. मी रात्री धुऊन पंचावर पसरून पंख्याखाली ठेवते, सकाळी खडखडीत असते. पावसाळ्यात मात्र मुंबईत रुमालसुद्धा वाळत नाही तिथे भेंडी काय वाळणार, तेव्हा एकेक पुसायची, कंटाळा येतो पण पाव किलोला लागतात किती मिनिटं. विळी नाहीतर सुरी, जे असेल ते, आणि खालचा बोर्ड, सगळं कोरडं हवं.

चकत्या पारदर्शक करू नकोस, जितके काप जास्त तितकी तार जास्त बाहेर येते. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या ठेव. कढई रुंद घे, दोन डब्यांची भाजी छोट्या कढईत कोंबली की खालची परतते आणि वरची वाफेवर उकडते, तुझा लगदा बहुतेक इथेच होतोय. तेलात हात आखडता घेऊ नकोस, भेंडी कमी तेलात चिकटते मग आपण पाण्याचा हबका मारतो आणि परत तेच. मीठ सगळ्यात शेवटी, कारण मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. झाकण पहिली आठ-दहा मिनिटं अजिबात नाही, वाफ झाकणाला लागते आणि ठिबकून परत भाजीतच येते. तार दिसेनाशी झाली आणि तरी भेंडी जरा निबर वाटतेय, तर मग दोन मिनिटं ठेव झाकण, म्हणजे आईचंही राहिलं. आणि सारखी ढवळू नकोस गं, उलथन्याने अधूनमधून परत, बस.

राहिलं दही. आंबटाने तारेचा जोर उतरतो, म्हणून तर आपल्याकडे कोणी आमसूल घालतं कोणी चिंच कोणी लिंबू पिळतं, आणि अरब लोकांच्या बामियात, म्हणजे भेंडीच्या रश्श्यात, टोमॅटो-लिंबू असतोच, ते पण याचसाठी. दही घालायचं तर भेंडी आधी नीट परतून घे, मग गॅस बारीक करून फेटलेलं दही, नाहीतर फुटतं.

डब्याला मी करते ती ही. पाव किलो भेंडी, दोन मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, सात-आठ लसणीच्या पाकळ्या ठेचून, दोन मिरच्या मोडून, मग भेंडी मोठ्या आचेवर. सुटसुटीत झाली की तीन-चार आमसुलं, आणखी दोन-तीन मिनिटं, मग मीठ, चिमूटभर साखर आणि मूठभर ओलं खोबरं. खोबरं मात्र मे महिन्यात डब्यात घालू नकोस, दुपारपर्यंत वास येतो. आणि परतीच्या ट्रेनला बसायला मिळत असेल तर धुऊन पुसलेली भेंडी पिशवीत घेऊन जा, लेडीज डब्यात मेथी निवडतात मटार सोलतात तशी भेंडीही चिरून होते. कोरड्या डब्यात खाली पेपर नॅपकिन घालून फ्रीजमध्ये ठेवलीस की सकाळी थेट कढईत.

प्रश्न : मला बरीच वर्षं डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलंय की रात्री चार भेंड्या चिरून ग्लासभर पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी ते पाणी अनशापोटी प्यायचं, तीन महिन्यांत गोळ्या बंद. दोघांनी सुरू पण केलं. मी करू का? (ज्येष्ठ वाचक, मुलुंड)

उत्तर : काका, गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे आधी, मग बाकीचं.

यात अगदीच तथ्य नाही असं नाही म्हणून तर हे मेसेज टिकतात. भेंडीतला तो चिकट भाग विरघळणारा फायबर आहे, पोटात गेला की त्याची जेली होते आणि अन्नातली साखर रक्तात जायला जरा वेळ लागतो. त्याच भागाला पित्तातली आम्लं चिकटून बाहेर जातात म्हणून कोलेस्टेरॉललाही थोडी मदत होते असं म्हणतात. माणसांवर काही छोटे अभ्यास झालेत, त्यात उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसली, पण ते छोटे आहेत, थोड्या आठवड्यांचे आहेत, आणि बहुतेकांत भेंडीची पूड वगैरे दिली होती, ग्लासातलं पाणी नाही. तेवढ्यावर गोळी सोडायची म्हणजे धाडसच झालं.

आणि तुमच्यासाठी खास एक गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये नसणार. 2011 साली उंदरांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात भेंडीचं पाणी आणि मेटफॉर्मिन एकत्र दिलं तर औषधच नीट शोषलं गेलं नाही असं दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नाही हे खरं, पण तुम्ही ते पाणी अनशापोटी पिणार आणि मग नाश्त्याला गोळी घेणार म्हणजे दोघांची गाठ पडणारच, कशाला तो घोळ. प्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, गोळीच्या वेळेपासून लांब, आणि घरच्या मशीनवर साखर बघत बघत. ग्रुपवरच्या त्या दोघांनाही सांगा.

त्यापेक्षा भाजी खा ना. पाण्यात भिजवून चोथा फेकला की फायबरचा मोठा भाग कचऱ्यात जातो. 100 ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण 33 कॅलरी आणि 3 ग्रॅमच्या वर फायबर असतो, कार्बोहायड्रेट साडेसात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे डायबेटिसवाल्याने वाटी भरून खावी अशीच ही भाजी आहे. फक्त बटाटा घालून वाढवलेली नको आणि हॉटेलातली कुरकुरी भेंडी नको, ती बेसनात घोळून तळलेली असते, तिचा हिशोब भज्यांत धरा. आणि दोन पोळ्यांच्या जागी चार खाल्ल्या तर भेंडी बिचारी काय करणार.

प्रश्न : भेंडीच्या चिकट रसाने गुडघ्यात ग्रीस तयार होतं हे खरं का? मी दोन महिने रोज खातेय, जिना चढताना अजून कट्कट् आवाज येतोच. (वाचक, गिरगाव)

उत्तर : नाही हो ताई. भेंडीचा चिकट भाग आतड्यातच राहतो, त्यातला काही तिथले जंतू फस्त करतात, काही सकाळी बाहेर जातो, पोटातून गुडघ्याला जाणारी नळी देवाने बसवलेली नाही. सांध्यातलं वंगण शरीर स्वतः बनवतं. दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजाची फार काळजी करू नका, दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते मांडीच्या स्नायूंचे व्यायाम देतील. चाळीचा जिना तर चुकत नाही, पण वजन दोन-चार किलो उतरलं तर गुडघ्याला लगेच कळतं. भेंडी चालू ठेवा, पोट साफ राहील.

आणि भेंडी खाल्ली की गणित येतं हे पण विचारलंय एका आईने. माटुंग्याच्या तमिळ शेजाऱ्यांकडून मी पण लहानपणी ऐकलंय. भेंडी खाऊन पाढे पाठ करा, येतं.

प्रश्न : लोखंडी कढईत केली की भाजी काळी पडते. फेकायची का? कढई खराब आहे का? (वाचक, वसई)

उत्तर : दोन्ही नाही. भेंडीतले काही घटक लोखंडाशी जुळले की काळपट रंग येतो, आमसूल-चिंच घातली की जास्तच, कारण आंबटाने लोखंड सुटतं. खायला काही धोका नाही, उलट थोडं लोह मिळतं. पण दिसायला ती डब्यात नवऱ्याने झाकण परत लावावं अशी दिसते हे मान्य. कोरडी भाजी लोखंडी कढईत करा, झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा आणि आंबट तिथेच घाला. भरली भेंडी आणि ताकातली भेंडी स्टीलमध्ये.

प्रश्न : रविवारी दादरहून अर्धा किलो आणते, बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये काळे डाग आणि बुळबुळीत. आणि शेंडा मोडून बघितला की भाजीवाला ओरडतो, मग कोवळी कशी ओळखायची? (वाचक, बोरिवली)

उत्तर : भेंडीला थंडी सोसत नाही. तिला 7 ते 10 डिग्री बरं वाटतं आणि आपला फ्रीज बहुधा 4 च्या आसपास असतो, म्हणून मागच्या बाजूला कोपऱ्यात गेलेली भेंडी आधी डागाळते. खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, न धुता, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात नाहीतर पेपरात गुंडाळून. ओलावा राहिला की बुळबुळीत होणारच. तरी तीन दिवस धरून चाला, रविवारची भेंडी मंगळवारी संपवा आणि पुढच्या दिवसांना दुधी, कोबी, जे टिकतं ते.

भाजीवाला ओरडतो कारण मोडलेली त्याच्याकडून दुसरं कोणी घेत नाही, त्याचंही बरोबर आहे. मोडू नका, बोटांनी हलकी दाबा, कोवळी लवचिक लागते, निबर लाकडासारखी कडक. लांबी बघा, तर्जनीएवढी किंवा त्याहून लहान घ्या, शिरांवर काळसर रेघा आल्या असतील तर सोडा, आणि बारीक भोक दिसलं तर आत अळी असणार. त्या अळीसाठीच भेंडीवर फवारणी फार होते आणि साल काढता येत नाही, म्हणून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, दोन-तीनदा.

नवी मुंबईच्या एपीएमसी घाऊक बाजारातून येणारी बहुतेक भेंडी संकरित असते, गर्द हिरवी, एकसारखी, पाच धारांची. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती तुम्ही ऐकली असेल, पानं पिवळी पाडणारा जो केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो त्याला टक्कर देणारी म्हणून ती आली आणि गाजली. पण चव विचाराल तर श्रावणाच्या सुमाराला पालघर-वसईकडच्या बायका टोपलीत घेऊन बसतात ती गावठी, फिकट, जाड धारांची. ऋषिपंचमीच्या भाजीत तीच हवी. ती लांब असली तरी कोवळी असू शकते, तिथे माझा तर्जनीचा नियम लावू नका.

प्रश्न : आमच्याकडे भेंडी म्हणजे फक्त काचऱ्या. नॉनव्हेजमध्ये भेंडी जाते का? (वाचक, लालबाग)

उत्तर : लालबागला राहून हे विचारता? दोन बिल्डिंग सोडून कोणी आगरी-कोळी नाहीतर मालवणी शेजारी असतीलच, त्यांना विचारा, पण मी पण सांगते. सुकट नाहीतर जवळा निवडून, कोरडाच तव्यावर भाजून, धुऊन घट्ट पिळून घ्यायचा. कांदा तेलात लाल करायचा, लसूण ठेचून, तुमच्याकडचा मसाला (मिरची गल्ली तुमच्या दारात आहे, मी काय सांगणार), मग भेंडीचे दोन पेरांचे तुकडे. भेंडी वेगळी परतून तार घालवलेली असेल तर उत्तम. शेवटी सुकट आणि आमसुलं, मीठ चाखूनच घाला कारण सुकट खारट असते. तांदळाच्या भाकरीबरोबर खा आणि मग मला कळवा. ओली कोलंबी असेल तर रस्सा करा, नारळाचं वाटण लावून, त्यात भेंडी शेवटची सात-आठ मिनिटं, जास्त नाही, तिथे थोडी तार राहिली तर रस्सा छान मिळून येतो. त्या रश्श्याला दाटपणा द्यायला वेगळं काही लागतच नाही.

पारशी लोक परतलेल्या भेंडीवर अंडी फोडून झाकण ठेवतात, भींडा पर ईंडू. रात्री उशिरा घरी आलात आणि पावाशिवाय काही नाही तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही.

आणि एक शाकाहारी पण राहवत नाही म्हणून. ताकातली भेंडी. भेंडी मोठे तुकडे करून तुपावर परता, आंबट ताकाला बेसन लावून हळद, मिरची-आल्याचं वाटण, साखर, उकळी येईस्तोवर ढवळत राहा, मग भेंडी सोडा आणि वरून मेथीदाणे, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी. गरम भात. उन्हाळ्यात भाजी खावीशी वाटत नाही तेव्हा हे.

प्रश्न : मला किडनी स्टोन होऊन गेलाय, नवऱ्याला हार्टनंतर रक्त पातळ करायची गोळी आहे, आणि नणंद प्रेग्नंट आहे. आता भेंडी कोणी खायची? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : नणंदेने पोटभर. भेंडीत फोलेट आहे, म्हणजे फॉलिक अॅसिडवालं जीवनसत्त्व, 100 ग्रॅमला 60 मायक्रोग्रॅमच्या आसपास, पण शिजवताना थोडं जातं आणि गरोदरपणातली गरज बरीच जास्त असते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी चालूच.

तुमचं जरा बघावं लागेल. भेंडीत ऑक्झलेट बरंच असतं आणि तुमचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर रोज नको, कधीमधी छोटी वाटी, सोबत दही किंवा ताक, कारण दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. पाणी भरपूर. खडा कशाचा होता ते रिपोर्टमध्ये असतं, नसेल तर विचारून घ्या.

मिस्टरांची गोळी कुठली ते महत्त्वाचं. वॉरफरिनसारखी असेल तर व्हिटॅमिन के चा संबंध येतो, कारण ते त्या गोळीच्या उलट काम करतं, भेंडीत ते 100 ग्रॅमला 31 मायक्रोग्रॅमच्या आसपास, पालकापेक्षा खूपच कमी. खाऊ नये असं नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात शून्य असं नको, साधारण सारखं ठेवा. नुसती अॅस्पिरिन असेल तर हा प्रश्नच नाही. एवढं डॉक्टरांच्या कानावर घालाच. आणि तुमच्यापैकी कोणाचं पोट भेंडीने फुगत असेल तर प्रमाण कमी करा, काहींना होतं.

प्रश्न : माझं गाव कोल्हापूरकडे. लहानपणी गुऱ्हाळात उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा रस घालताना बघितलंय. ते कशाला असतं? (वाचक, भांडुप)

उत्तर : वा, हा प्रश्न वाचून बरं वाटलं, सगळे शुगरच विचारत होते. तीच तार आहे ही. भेंडीची ताजी खोडं ठेचून पाण्यात चोळली की चिकट पाणी निघतं, ते काहिलीतल्या उसाच्या रसात घातलं की रसातला बारीक गाळ त्याला चिकटतो, गोळा होतो आणि तापला की वर येतो, ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. गुळाचा रंग साफ येतो. काही ठिकाणी आता हायड्रोस नावाची रसायनाची पावडर टाकून गूळ पिवळाधमक करतात, म्हणून थोडा तपकिरी दिसणारा गूळ मी स्वतः आधी उचलते. गावाला गेलात तर गुऱ्हाळवाल्यांना विचारा ते अजून भेंडी वापरतात का, आणि वापरत असतील तर एक ढेप इकडे पाठवा.

प्रश्न : मॉलमध्ये लाल भेंडी दिसते, दुप्पट भावाने. जास्त पौष्टिक असते म्हणतात. घ्यावी का? (वाचक, ठाणे)

उत्तर : वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने काशी लालिमा म्हणून एक लाल जात काढलीय, तशीच काहीतरी असेल. लाल रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभळात असतो तो, चांगला असतो. पण कढईत टाकलीत की लाली उतरते आणि ताटात हिरवट भेंडीच येते. रंग हवाच असेल तर कोवळी बघून कच्चीच पातळ चकत्या करा, दाण्याचा कूट, लिंबू, मीठ आणि वरून जिऱ्याची फोडणी, कोशिंबीर चांगली होते. परतून खायची असेल तर मी तरी दुप्पट पैसे देत नाही.